मुलाचा वर्तनोपचार पुढच्या सोमवारपासून सुरू होत आहे, पहिल्या काही महिन्यांत काय अपेक्षा ठेवावी?

प्रश्न : रहिमतपूरची आई

नमस्कार. माझा मुलगा तीन वर्षे आठ महिन्यांचा आहे. दीड महिन्यापूर्वी साताऱ्यातील बालविकासतज्ज्ञांनी त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे निदान केले. त्याआधी कानाची बेरा (ऐकू येते का ते पाहणारी) तपासणी झाली आणि ती व्यवस्थित आली. नंतर ऑटिझमची तीव्रता मोजणारी, आयएसएए नावाची ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी घेतली. तीत त्याला ११२ गुण मिळाले आणि 'मध्यम' असा शेरा आला. डॉक्टरांनी स्पीच थेरपीबरोबर वर्तनोपचारही सुरू करायला सांगितले असून पुढच्या सोमवारपासून आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण तासाचे एक सेशन, असे ठरले आहे.

तो बोलत नाही. दीड वर्षाचा असताना 'आई', 'बाबा', 'भूभू' असे पाच-सहा शब्द म्हणायचा, ते हळूहळू गेले. पाणी हवे असेल तर माझे मनगट धरून मला माठापर्यंत नेतो, पण माझ्याकडे पाहत नाही. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दारावरून जाऊ लागले की चाकांकडे पाहत दोन्ही हात फडफडवतो, आणि तेव्हा तो किती आनंदात असतो हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. मिक्सर लावला की कानांवर हात ठेवून मागच्या खोलीत पळतो. मनासारखे झाले नाही तर जमिनीवर डोके आपटतो, आणि ते थांबवण्यासाठी आम्ही त्याच्या हातात मोबाईल देतो.

माझा पहिला प्रश्न नावापासूनच आहे. माझ्या मुलाचे वर्तन वाईट आहे असे मला कधी वाटले नाही. तो कोणाला त्रास देत नाही, त्याला फक्त सांगता येत नाही. मग हा उपचार नेमका कशावर? तिथे शिस्त लावतात का, रागावतात का? मला खोलीत थांबता येईल का, की तो रडत असताना मी बाहेर बसायचे? आठवड्याला तीन तास पुरतात का? काही नातेवाईक पुण्याला बिऱ्हाड हलवा म्हणतात, परंतु ह्यांची नोकरी इथल्या साखर कारखान्यात आहे. सासूबाई म्हणतात की याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, उगीच लेकराला साताऱ्याला हेलपाटे कशाला. त्यांची माया मला कळते, पण थांबायचे धैर्य मला होत नाही.

आणि जे डॉक्टरांपुढे विचारता आले नाही ते इथे विचारते. तो केव्हा बोलू लागेल?

उत्तर : कराडची आई

ताई, माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि तिची थेरपी सुरू होऊन अडीच वर्षे झाली. आमचा पहिला सोमवार येण्याआधी मला कोणीतरी जे सांगायला हवे होते, ते तुम्हाला लिहिते.

पहिले दोन आठवडे तिथे काहीच घडत नाही असे वाटेल. आमच्या थेरपिस्ट ताई जमिनीवर बसून साबणाचे फुगे उडवत होत्या, भिंगरी फिरवत होत्या, आणि मुलगी जे करील तेच तिच्या शेजारी बसून करत होत्या. 'इकडे बघ' नाही, 'हे काय आहे सांग' नाही, एकही प्रश्न नाही. मी दाराच्या काचेतून पाहत होते आणि रिक्षाभाडे व फी मिळून फुगे उडवण्याचे किती पैसे झाले याचा हिशेब मनात करत होते. तिसऱ्या आठवड्यात मुलगी रिक्षातून उतरली आणि माझा हात सोडून स्वतःच त्या खोलीकडे धावली, तेव्हा त्या दोन आठवड्यांत काय शिकवले गेले ते मला समजले. तोवर तिच्या अनुभवात प्रत्येक नवे माणूस तिच्याकडून काहीतरी करवून घेणारे होते.

सुरुवातीला तुम्हाला मुलाच्या आवडीनिवडींची यादी विचारतील. ती घरीच सावकाश लिहून न्या आणि बारकाईने लिहा. 'खेळणी आवडतात' एवढ्याचा उपयोग होत नाही. आमच्या यादीत भडंगातले फक्त चुरमुरे, ओल्या साडीचा गारवा आणि पितळी डब्याचे झाकण गरगर फिरवणे, असे सगळे होते, आणि ते झाकण पुढे वर्षभर कामाला आले. तुमच्या यादीत ट्रॅक्टरची चाके सर्वांत वर लिहा.

मग छोट्या छोट्या अपेक्षा सुरू होतात, आणि रडणे बहुधा तेव्हा येते. फुगे हवे असतील तर फुग्यांचे चित्र ताईंच्या हातात द्यायचे, एवढीच आमची पहिली पायरी होती. आधी ताई मुलीचा हात हलकेच धरून चित्र उचलायला लावत, काही दिवसांनी नुसता कोपराला स्पर्श करत, नंतर केवळ चित्राकडे बोट दाखवत, आणि शेवटी काहीच न करता थांबून राहत. मदत करायची आणि ती हिशेबाने कमी करत न्यायची, हे शिकवण्याचे खरे कसब आहे, आणि घरी मी याच्या नेमके उलट करत होते. मुलगी फ्रिजकडे पाहायची आणि मी दूध काढून द्यायची. तिने काही मागावे अशी वेळच मी मायेपोटी येऊ दिली नव्हती. म्हणून सांगते, थेरपीत पहिले वर्तन बदलावे लागले ते माझे.

मोबाईलचे तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे, तर आमचेही सांगते. जेवताना मोबाईल बंद करायचे ठरले, तेव्हा पहिल्या चार दिवसांत तिचे ओरडणे कमी होण्याऐवजी दुपटीने वाढले. पाचव्या दिवशी सासऱ्यांना पाहवले नाही, त्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला, आणि पुढचे तीन दिवस ती आधीपेक्षाही जास्त ओरडली. मग थेरपिस्ट ताईंनी घरातल्या सगळ्यांना एकदा समोर बसवून समजावले. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत जेवण मोबाईलशिवाय होऊ लागले. तुमच्याकडेही हे वाढणे येईल, तेव्हा थेरपी चुकली असे समजू नका, आणि तो टप्पा घरात लग्नकार्य, पाहुणे किंवा परीक्षा नसतील अशा वेळी सुरू करा.

तिने स्वतःहून पहिले चित्र दिले ते सातव्या आठवड्यात. पहिला शब्द आठव्या महिन्यात आला. तो 'आई' नव्हता, 'पुरे' होता. केस विंचरताना म्हणाली. मी फणी तिथेच ठेवली, आणि पुढचा अर्धा तास मला काही सुचले नाही. त्यानंतर दिवाळीत आम्ही तीन आठवडे गावी राहिलो आणि परत आलो तो चित्रे देणे पूर्ण बंद झालेले. ते पूर्ववत व्हायला महिना गेला. आज ती दोन-तीन शब्दांत मागते, हाक मारली तर बहुतेक वेळा पाहते, शी-शू सांगते, आणि या शेवटच्या गोष्टीला पूर्ण एक वर्ष लागले. तिच्या वयाची मुले शाळेतले किस्से सांगतात, ती सांगत नाही. परंतु मागच्या महिन्यात कान दुखत होता तेव्हा तिने माझा हात कानापाशी नेला आणि 'दुखते' म्हणाली. पूर्वी अशा वेळी ती रात्र रात्र किंचाळायची आणि आम्हाला कारण कळायचे नाही.

उत्तर : विशेष शिक्षिका, सांगली

मी सांगलीत अठरा वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते. ताई, नावाविषयीचा तुमचा प्रश्न फार योग्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

या शास्त्रात 'वर्तन' म्हणजे चांगले किंवा वाईट वागणे नव्हे. मूल जे करते आणि जे दिसते, मोजता येते, ते सगळे वर्तन. तुमचे मनगट धरून माठापर्यंत नेणे हे वर्तन आहे, 'भूभू' म्हणणे हे वर्तन आहे, डोके आपटणे हेही वर्तन आहे. थेरपिस्ट पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक वर्तनाच्या आधी काय घडले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले, याच्या नोंदी करतात आणि तुम्हालाही करायला सांगतात. डोके आपटण्यामागे साधारण चार प्रकारची कारणे शोधली जातात : हवी ती वस्तू मिळवणे, नकोशा गोष्टीतून सुटणे, कोणाचे तरी लक्ष वेधणे, किंवा त्या क्रियेतूनच शरीराला मिळणारी संवेदना. एकाच मुलात सकाळचे कारण वेगळे आणि संध्याकाळचे वेगळे असू शकते. कारण सापडले की त्याच कारणासाठी सोपा आणि निरुपद्रवी मार्ग शिकवता येतो. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की मुलांना मदत किंवा लक्ष मागण्याचा साधा मार्ग शिकवला म्हणजे त्रासदायक वर्तन पुष्कळ कमी होते. म्हणून चांगल्या थेरपीत 'आपटू नको' यापेक्षा 'दे', 'नको', 'पुरे', 'अजून' हे आधी शिकवले जाते, मग ते शब्दाने असो, खुणेने असो किंवा चित्राने. चित्रे दिल्याने मूल बोलायचे टाळील, ही पालकांची भीती मी नेहमी ऐकते. अनुभव आणि संशोधन दोन्ही तसे सांगत नाहीत. चित्रांमुळे बोलणे मागे पडत नाही, काही मुलांत ते वाढते.

कराडच्या ताईंकडे ओरडणे आधी वाढले, ते आम्हाला अपेक्षितच असते. आजवर ज्या उपायाने वस्तू मिळत होती तो उपाय चालेनासा झाला की मूल तोच उपाय अधिक जोराने करून पाहते, जसे आपण नळाला पाणी येईना की तोटी आणखी पिळतो. दहा वेळा 'नाही' म्हणून अकराव्या वेळी 'हो' म्हटले, तर अकरा वेळा ओरडायचे असते, एवढेच मूल शिकते. मात्र डोके आपटण्याला हे सरसकट लावू नका. इजा होण्याजोगे वर्तन दुर्लक्षित करायचे नसते. खाली उशी किंवा गादी सरकवायची, शांतपणे अडवायचे, आणि त्याचा आराखडा थेरपिस्टकडून लेखी घ्यायचा. मिक्सरचे प्रकरणही वेगळे आहे. तो हट्ट नाही, त्याच्या कानांना तो आवाज खरोखर असह्य होतो. सवय व्हावी म्हणून त्याला मिक्सरजवळ धरून ठेवू नका. लावण्याआधी त्याला दाखवून सांगा आणि बाहेर जायचे असल्यास जाऊ द्या.

आता तासांविषयी. तुम्हाला कोणीतरी 'आठवड्याला ४० तास हवेत' असे सांगेल. हा आकडा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ओले इव्हार लोव्हास यांच्या १९८७ मधील अभ्यासातून आला आहे. त्यात १९ लहान मुलांना दोन वर्षे किंवा अधिक काळ आठवड्याला ४० तासांहून अधिक शिकवले गेले आणि त्यांपैकी ९ मुले बुद्धिमापन व शालेय शिक्षणात सर्वसाधारण पातळीवर पोहोचली, असे त्यांनी नोंदवले. परंतु मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, पुढील बहुतेक संशोधकांना इतके मोठे यश पुन्हा मिळाले नाही, आणि त्या काळच्या पद्धतीत दरडावणे व मांडीवर चापट मारणेही होते, जे आज कोणत्याही जबाबदार थेरपिस्टने करता कामा नये. आजच्या पद्धती खेळातून, मुलाच्या आवडीच्या मागे जात, रोजच्या कामांत शिकवण्याकडे वळल्या आहेत.

तुमचे तीन तास कमी वाटतात हे खरे आहे. पण असे पाहा, तुमचा मुलगा आठवड्यात सुमारे ९० तास जागा असतो, आणि त्यांतले बहुतेक तास तो तुमच्याजवळ असतो. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाबरोबर खेळतानाचे त्यांचेच चित्रीकरण दाखवून, प्रतिसाद कसा द्यावा हे शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. ती थेरपी वर्तनोपचाराहून वेगळी होती, तरी आपल्यासारख्या भागासाठी मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे पुण्याला बिऱ्हाड हलवण्याआधी एवढे पाहा की या तीन तासांतले जे काही आहे ते थेरपिस्ट तुम्हाला हाताला धरून शिकवत आहेत का. शिकवत असतील तर अंघोळ, जेवण, कपडे घालणे, एस.टी.ची वाट पाहणे, सगळेच सेशन होते.

आणि बोलणे. तारीख कोणालाही सांगता येत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. चार-पाच वर्षांच्या वयात बोलू लागलेली अनेक मुले मी पाहिली आहेत, त्यानंतर बोललेलीही पाहिली आहेत. स्वमग्न मुलांपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश मुले शाळेच्या वयातही मोजकेच शब्द बोलतात, हेही तुम्हाला माहीत असावे. यांतली बरीच मुले चित्रांनी किंवा टॅबवरील आवाजाच्या साहाय्याने आपले म्हणणे मांडायला शिकतात. तुमचा मुलगा पाण्यासाठी तुमचे मनगट धरतो, म्हणजे हवे ते माणसाकडून मिळते हे त्याला उमगले आहे. मला ही चांगली सुरुवात वाटते.

सासूबाईंना एक गोष्ट मऊपणाने सांगा. नुसते उशिरा बोलणारे मूल बोटाने दाखवते, डोळ्यांत पाहून मागते, आपल्याला आवडले ते दुसऱ्याला आणून दाखवते. आणि आलेले शब्द जाणे ही निराळी खूण आहे, तिच्यासाठी थांबणे योग्य नाही.

उत्तर : एक बाबा, तासगाव

वरील दोन्ही उत्तरे मनापासून पटली. मी अप्रिय बाजू लिहितो, कारण आमचे पहिले चार महिने वाया गेले असे म्हणणेही कमी ठरेल.

आमचा मुलगा साडेचार वर्षांचा असताना आम्ही एका केंद्रात जाऊ लागलो. तिथे दार बंद असे आणि पालकांना आत येण्याची मुभा नव्हती. 'तुम्ही दिसलात की तो काम करत नाही' असे सांगितले जाई. आतून रडण्याचा आवाज येई, आणि सेशन संपल्यावर 'आज पंचवीस मिनिटे बसला' असे कौतुकाने कळवले जाई. मीही ते कौतुक घरी येऊन सर्वांना सांगत असे. दुसऱ्या महिन्यापासून तो सांगलीच्या रस्त्याला लागले की स्कूटरचा आरसा घट्ट धरून ठेवू लागला. रात्री अंथरूण ओले होऊ लागले. एके दिवशी गच्चीवर पतंग पाहताना त्याने आनंदाने हात फडफडवले, आणि लगेच स्वतःच ते मांडीखाली दाबून 'हात खाली, हात खाली' असे म्हणाला. त्याच्या आयुष्यातले ते पहिले दोन शब्द होते. त्या क्षणी माझ्या पोटात जे तुटले ते आजही तसेच आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जाणे बंद केले. पुढे सहा महिन्यांनी जी थेरपिस्ट मिळाली, तिने पहिल्याच भेटीत सांगितले की हात फडफडवण्याने कोणाचे काही बिघडत नसेल तर ती त्याला हात लावणार नाही. स्वमग्नता असलेली अनेक प्रौढ माणसे आता स्वतः लिहू-बोलू लागली आहेत, आणि लहानपणी असे हात दाबून, डोळ्यांत पाहायला लावून त्यांना किती त्रास झाला, हे त्यांनी सांगितले आहे. ते प्रत्येक पालकाने ऐकावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या मुलाचे ट्रॅक्टरपाशी हात हलवणे कोणालाही थांबवू देऊ नका.

म्हणून सोमवारी स्पष्ट विचारा. मी आत बसू शकते का, किंवा काचेतून पाहू शकते का? तो सतत रडू लागला तर तुम्ही काय करता? कोणती तीन उद्दिष्टे घेतली आहेत, आणि ती त्याच्या उपयोगाची आहेत की आपल्या सोयीची? नोंदवही मला दाखवाल का? वर्तनोपचार या नावाखाली फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे काम करतात, त्यामुळे क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नका. चांगली माणसे या प्रश्नांनी दुखावत नाहीत.

वागणे अचानक बिघडले, तर थेरपिस्टच्याही आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आमच्याकडे दोन आठवडे चाललेले हात चावणे बद्धकोष्ठतेमुळे होते. दात, कान, पोट यांचे दुखणे या मुलांना सांगता येत नाही, आणि बक्षीस किंवा दुर्लक्ष यांपैकी कशानेही ते बरे होत नाही.

कागदपत्रांचेही याच महिन्यात सुरू करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा काही खर्च बसतो. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची, मुलांमधील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रे चालतात, तिथे मोफत तपासणी व थेरपी असते. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात एकदा प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा.

रहिमतपूरची आई

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मी ते ह्यांना आणि सासूबाईंना वाचून दाखवले. तासगावच्या दादांचे वाचताना सासूबाईंनी डोळे पुसले आणि 'तू आतच बस' असे मला बजावले.

आज केंद्रात फोन केला. पहिल्या आठवड्यात मला आत बसू देतील, नंतर हळूहळू दाराबाहेर सरकायचे आणि काचेतून पाहायचे, असे तिथल्या थेरपिस्ट म्हणाल्या. मला ते बरे वाटले. फक्त दोन शंका राहिल्या. त्यांची सगळी कार्डे इंग्रजी आहेत, 'वॉटर', 'बॉल', 'मोअर' अशी, आणि पुढे शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यास सोपे जाईल म्हणून घरीही तसेच बोला, असे त्यांनी सुचवले. सासूबाईंना तर इंग्रजी येत नाही. दुसरे असे की त्या स्वतःच आता विचारत आहेत, 'मी काय करू ते सांग.' त्यांना काय काम देऊ?

विशेष शिक्षिका, सांगली

कार्डांवर तुमच्या घरातले शब्द घ्यायला सांगा, याबाबत मी ठाम आहे. शब्द शिकवायचा तो मुलाला दिवसातून शंभर वेळा ऐकू येणारा आणि म्हटल्याबरोबर घरातल्या कोणालाही कळणारा हवा. तुमचा मुलगा कधी 'वॉटर' म्हणाला आणि आजीला ते समजले नाही, तर त्याचा प्रयत्न फुकट जाईल आणि तो पुन्हा म्हणण्याची शक्यता कमी होईल. 'पाणी', 'दे', 'नको', 'पुरे', 'अजून' हे शब्द उच्चारायलाही सोपे आहेत. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांच्या भाषेचे नुकसान होते असे संशोधनात दिसलेले नाही, तेव्हा शाळेत इंग्रजी येईल तेव्हा येऊ द्या, पण ज्या भाषेत तुम्ही त्याला कुरवाळता ती तोडू नका. शक्य झाल्यास छापील चित्रांऐवजी तुमच्याच माठाचा, तुमच्याच स्टीलच्या पेल्याचा मोबाईलवर काढलेला फोटो छापून घ्या. परक्या देशातल्या काचेच्या ग्लासचे चित्र आणि आपला पेला हे एकच आहे, हे त्याला वेगळे शिकवावे लागेल आणि त्यात वेळ जाईल.

आत-बाहेरची जी पद्धत त्यांनी सांगितली ती योग्य आहे. दर तीन महिन्यांनी एकत्र बसून नोंदी पाहायच्या, हे आताच ठरवून घ्या. 'छान चालले आहे' यावर समाधान मानू नका. दहांपैकी किती वेळा त्याने मदतीशिवाय केले, हे विचारा.

कराडची आई

सासूबाईंना पाण्याचे काम द्या, ताई. ते त्यांना नक्की जमेल. माठाजवळ पेल्याचा फोटो चिकटवा. तो मनगट धरून नेऊ लागला की आजींनी पाणी लगेच न देता त्याच्या उंचीला वाकायचे, 'पाणी' असा एकच शब्द म्हणायचा आणि मनात पाचपर्यंत मोजायचे. त्याने फोटोला हात लावला, आजींकडे नुसते पाहिले किंवा तोंडातून कसलाही आवाज काढला, की त्याच क्षणी पेला हातात. काहीच केले नाही तरी पाचनंतर पाणी द्यायचेच, तहानलेले ठेवायचे नाही. आमच्या घरी हे काम आजोबांकडे होते, ज्यांनी पाचव्या दिवशी मोबाईल दिला होता त्यांच्याकडेच. पेला देताना तिने पहिल्यांदा वर पाहिले ते त्यांच्याकडे.

सोमवारी पिशवीत एक जादा कपड्यांचा जोड, त्याची नेहमीची पाण्याची बाटली, आवडीचा सुका खाऊ थोडा थोडा करून दोन डब्यांत, आणि मिळाला तर खेळण्यातला ट्रॅक्टर घ्या. खाऊ निघण्याआधी पोटभर देऊ नका, नाहीतर तिथे त्याला त्याचे काही वाटणार नाही. झोपेच्या वेळेचे सेशन असेल तर वेळ बदलून मागा. आणि शक्य असेल तर रविवारी एकदा त्याला त्या इमारतीपर्यंत नेऊन, जिना दाखवून, काही न करता परत आणा.